गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडायला ३ लाख ४० हजार. घालावेत का?

खजिनदारीणबाई

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

बँकेत ३१ वर्षं कॅश काउंटरला काढली. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात सोसायटीने खजिनदार करून टाकलं. कारण काय, तर "तुम्हाला आकडे कळतात." ज्यांना कळत नाहीत ते चेअरमन आहेत.

पुण्यात उंड्रीच्या बाजूला आमची सोसायटी. तीन इमारती, ४८ फ्लॅट, २०११चं बांधकाम. नळाचं पाणी येतं, पण पुरत नाही. बोअर दोन आहेत. एक २८० फुटांची, ती मार्चपासून खडखडीत कोरडी. दुसरी ४१० फुटांची, पहाटे ४० मिनिटं चालते आणि मग नुसती हवा ओढते. एक गोष्ट बिल्डरने बरी केली होती: फ्लशची लाईन वेगळी, तिची जमिनीखालची टाकीही वेगळी. बोअरचं पाणी त्या टाकीत जातं.

गेल्या एप्रिल-मेमध्ये १०४ टँकर मागवले. टँकरला १,२०० रुपये. एकूण १,२४,८००. हा आकडा मी मीटिंगमध्ये वाचला तेव्हा दोन मिनिटं कोणी बोललं नाही. आमच्याकडे हा विक्रम आहे.

आता एका कॉन्ट्रॅक्टरने येऊन पडद्यावर चित्रं दाखवली. तिन्ही गच्च्यांचं पाणी पाईपने खाली आणायचं, फिल्टर बसवायचे, दोन्ही बोअरमध्ये सोडायचं. वर्षाला २० लाख लिटर पाणी जमिनीत जाईल आणि टँकरला कायमचा रामराम. खर्च ३ लाख ४० हजार, म्हणजे फ्लॅटमागे ७,०८३ रुपये ३३ पैसे. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. सगळे हात वर करायला तयार बसलेत, सही मात्र माझी लागणार.

तिन्ही गच्च्या मिळून ९,७०० चौरस फूट आहेत (मंजूर नकाशात बघितलं). ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा. "पाणी म्हणजे जीवन" वगैरे सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर रोज येतं, ते नको.

भटक्या_७८

आधी पाणाड्या बोलवा. नारळ हातावर उभा राहिला तर बोअरला पाणी आहे.

खजिनदारीणबाई

बोअर मारताना बोलावला होता. नारळ उभा राहिला होता. त्याच २८० फुटांवर.

ओढ्याकाठचा

ताई, आधी एक सांगा. तुमचा प्लॉट २,८०० चौरस मीटरच्या आसपास आहे का? कारण २० लाखांचा आकडा मला दुसऱ्या कुठल्या वाटेने जमत नाही.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. पुण्याचा वर्षाचा पाऊस सरासरी ७२०च्या घरात धरा. २,८०० गुणिले ७२० म्हणजे २०,१६,०००. म्हणजे त्या गृहस्थांनी पार्किंग, बाग, गणपतीचा मांडव घालायची जागा, सगळं गच्चीत धरलंय, आणि वर एक थेंबही वाया जाणार नाही असं मानलंय.

तुमच्या गच्च्या ९,७०० फूट, म्हणजे ९०० चौरस मीटर. त्यावर वर्षाला ६ लाख ४८ हजार लिटर पडतं. त्यातून २० टक्के सोडून द्या. थोडं कोबा पितो, थोडं उन्हाने उडतं, पहिल्या पावसाचं तर मुद्दाम वाहू द्यायचं. उरतं ५ लाख १८ हजार लिटर. अख्ख्या वर्षाचं.

आता खर्च. घरटी चार माणसं धरली तर तुम्ही १९२ जण. माणशी रोज १३५ लिटर हा शहरासाठी धरायचा सरकारी आकडा. म्हणजे रोजचे २५,९२० लिटर. भागून बघा: २० दिवस. वर्षभराचा पाऊस, थेंबन् थेंब वाचवला तरी, तुमच्या सोसायटीला २० दिवस पुरतो. एकाच्या डोक्यावर एक असे फ्लॅट रचले की माणसं वाढतात, गच्ची तेवढीच राहते. बंगलेवाल्यांचे अनुभव म्हणून आपल्याला लागू पडत नाहीत.

हे वाचून फाईल बंद करू नका. मी स्वतः सहकारनगरच्या आमच्या २० फ्लॅटच्या सोसायटीत २०१२ साली हे केलंय आणि आज विचारलंत तर पुन्हा करीन. फक्त वेगळं करीन.

आम्ही बोअरभोवती सहा बाय सहाचा, सहा फूट खोल खड्डा घेतला. केसिंगला, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाईपला, भोकं पाडली, वरून नायलॉनची जाळी दोन पदरी गुंडाळली. तळाला मोठे गोटे, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड वाळू. गच्चीचे पाईप त्या खड्ड्यात सोडले. त्याआधी आमची बोअर मार्चच्या मध्यावर आटायची, नंतर एप्रिल संपेपर्यंत टिकायला लागली. मी कारखान्यात फोरमन होतो, वहीत लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून खात्रीने सांगतो. दीड महिना मिळाला. टँकर बंद झाले नाहीत, पण उशिरा सुरू व्हायला लागले.

मग २०१९चा सप्टेंबर. २५ तारखेच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तो पुण्यातल्या लोकांना आठवत असेल. आमच्या खड्ड्याचा काठ जमिनीच्या बरोबरीला होता, कारण त्यावरून स्कूटर नेता यावी असा काही सभासदांचा आग्रह. ओढ्याचं पाणी, त्यात ड्रेनेजचं, तेलाचं, चिखलाचं, सगळं त्या फिल्टरमधून बोअरमध्ये उतरलं. गच्चीचं स्वच्छ पाणी आत जावं म्हणून केलेल्या वाटेने अख्खा ओढा आत गेला. बोअरच्या पाण्याला तीन महिने वास येत होता. कॉम्प्रेसर लावून बोअर साफ करून घेतली, वाळू पोत्यात भरून टाकून दिली, १८ हजार गेले. आता काठ अडीच फूट उंच आहे. स्कूटरवाले अजून बोलतात.

तेव्हा पहिली अट: खड्ड्याजवळून ड्रेनेजची लाईन किंवा चेंबर जात नाही ना, ते बघा. बोअर म्हणजे खालच्या पाण्याला थेट लावलेली नळी. वरची घाण गाळायचं काम माती करते, ती माती आपणच मधून काढून टाकलेली असते.

दुसरी अट तुमच्या कोरड्या बोअरसाठी. आपल्याकडे खाली काळा पाषाण. लाव्हाचे थर भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसलेत. पाणी राहतं ते भेगांत, नाही तर दोन थरांमधल्या ठिसूळ पट्ट्यात. बोअरला अशी भेग लागली असेल तर ती पाणी देते आणि घेतेही. नसेल लागली तर ती नुसती उंच बाटली. साडेसहा इंची, २८० फुटी बाटलीत जेमतेम १,८०० लिटर मावतं. त्यापुढचं पाणी खडकाने घेतलं पाहिजे. घेतो की नाही हे बघायला कॉन्ट्रॅक्टर लागत नाही, एक टँकर लागतो. स्वच्छ पाण्याचा टँकर मागवा, मोजून बोअरमध्ये ओता. गिळत राहिली तर तिच्यावर पैसे घाला. गळ्यापर्यंत भरून थांबली तर दोरीला नट बांधून पातळी मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. मला इथेच कळवा.

आणि तिसरं, हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून शेवटी ठेवलं. तुमच्याकडे फ्लशची टाकी वेगळी आहे हे वाचून मी उभा राहिलो. त्या १३५मधले ४५ लिटर फ्लशचे धरतात. १९२ माणसांचे रोजचे ८,६४० लिटर. तुमच्या गच्चीवर १२ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एवढंच पाणी गोळा होतं. १२ मिलिमीटर म्हणजे काही मुसळधार नव्हे, जुलैतली एक बरी संध्याकाळ. गच्चीचा पाईप आधी त्या टाकीत सोडा, टाकी भरली की जास्तीचं बोअरकडे. जमिनीला द्यायच्या आधी वापरा. आज भरलं, उद्या संपलं, परवा पुन्हा भरलं. त्याला प्रचंड टाकी बांधावी लागत नाही. आणि तेवढे दिवस ४१० फुटी बोअरचा पंप बंद ठेवा. पावसाळ्यात तिला उपसायचं आणि तिच्यातच पुन्हा ओतायचं, यात काय हशील?

लातूरचा_अण्णा

ओढ्याकाठच्या काकांच्या २० दिवसांवर सगळे हसतील, म्हणून लिहितो.

२०१६च्या एप्रिलात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, पाणी ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी सुरू झाली. पण त्या पहिल्या ५ लाखांसाठी स्टेशनवर केवढी गर्दी झाली होती! ताईंच्या गच्चीवर तेवढंच पाणी दरवर्षी पडतं आणि पार्किंगमधून गटारात जातं.

त्या उन्हाळ्यानंतर मी घराच्या १,००० फुटी स्लॅबला पन्हळ लावली आणि ५,००० लिटरची टाकी ठेवली. धुणं, भांडी, फरशी त्यावर. पिण्याला वापरत नाही, आमच्या गच्चीवर कबुतरं आहेत. बायको आधी म्हणाली होती की डास होतील. झाले. मग टाकीच्या हवेच्या नळीला आणि जास्तीचं पाणी जातं त्या नळीला मच्छरदाणीची जाळी बांधली, तेव्हा थांबले.

एक विचारायचं होतं. उंड्री म्हणजे कालपरवापर्यंत शेती. तुमच्या प्लॉटमध्ये जुनी विहीर नव्हती का? बोअरपेक्षा विहीर पाणी बरी घेते, तिचं काम वरच्या मुरमात असतं.

पर्वतीकर

या निमित्ताने आठवण करून देतो की नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्याचं पाणी जमिनीखालच्या नळातून पार शनिवारवाड्यापर्यंत आणलं. वाटेत उच्छ्वास, म्हणजे नळाला हवा मिळायचे उभे झरोके, आणि पेठांमधून हौद. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. आणि आपण २८० फूट भोकं पाडतोय.

खजिनदारीणबाई

पर्वतीकर, वाचायला फार छान वाटलं. पण शनिवारवाड्यात ४८ फ्लॅट आणि प्रत्येकी दोन संडास नव्हते. धागा भरकटवू नका हो.

मद्रासी_मावशी

२४ वर्षं चेन्नईत आहे, म्हणून माझे दोन शब्द. इथे २००३ साली सरकारने प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी मुरवणं सक्तीचं केलं. मुदत दिली, नाही केलं तर पाण्याची जोडणी तोडू म्हणाले. सगळ्यांनी केलं. आमच्या तेव्हाच्या इमारतीतही झालं. चार वर्षांनी रंगकाम करताना पाईप उघडला, तर तो खड्ड्यापर्यंत पोचलाच नव्हता, आधीच गटाराला जोडलेला. तपासणीला आलेल्यांनी वरचं टोक बघितलं होतं, खालचं नाही.

जिथे नीट केलं तिथे मात्र विहिरी खरंच वर आल्या. समुद्राजवळच्या भागात माझ्या नणंदेकडे खाली वाळू आहे, पाणी ओतलं की गडप. तिच्याकडचा अनुभव ऐकून कोणी पुण्यात खड्डा खणू नये. आणि नियम सगळ्या शहराला असूनही २०१९च्या उन्हाळ्यात इथेही पाण्याची रेल्वे आली, जोलारपेट्टैहून. पाऊसच आला नाही तर पन्हळ काय करणार!

नियमावर_बोट

कोरडा मुद्दा. पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते, पावसाचं पाणी, सौर आणि गांडूळखत यांपैकी एक चालू असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के. चालू असेल तर, हे शब्द पुन्हा वाचा. आणि २०११ची इमारत म्हणताय, तर मंजूर नकाशात रिचार्ज पिट, म्हणजे पाणी मुरवायचा खड्डा, दाखवलेला असणार. तो शोधा. आधीच पैसे भरलेल्या खड्ड्याचे पुन्हा पैसे का द्यायचे?

दुसरं, गच्ची झाडणार कोण? नाव सांगा. "सोसायटी झाडेल" हे नाव नाही.

खजिनदारीणबाई

तीन आठवड्यांनी परत आले. तोवर बरंच काही झालं, एकेक सांगते.

प्लॉट २,८०६ चौरस मीटर निघाला. ओढ्याकाठचे काका, तुम्हाला इथूनच नमस्कार. मी कॉन्ट्रॅक्टरला फोन करून विचारलं की २० लाखांत पार्किंग धरलंय का. ते म्हणाले, "मॅडम, ते पोटेन्शियल आहे." बँकेत असताना कर्ज मागायला येणारे हाच शब्द वापरायचे.

नकाशातला खड्डा सापडला. त्यावर जनरेटर आहे. खाली खड्डा आहे की नुसती नकाशातली रेघ, हे जनरेटर हलवल्याशिवाय कळणार नाही, आणि तो हलवायचा म्हणजे क्रेन. त्यामुळे तो विषय "पुढील सभेत चर्चेसाठी". म्हणजे गेला.

आता बोअर. मागच्या रविवारी टँकर मागवला. कोरड्या बोअरमध्ये पाणी ओततायत हे कळल्यावर खाली ही गर्दी. आमचे चेअरमन नारळ घेऊन आले. मी २०० लिटरचं पिंप भरभरून ओतायला लावलं आणि वहीत रेघा मारत बसले. नऊ पिंपांपर्यंत सगळे खूश, "पितेय, पितेय" म्हणत होते. साडेनवव्या पिंपाला पाणी केसिंगच्या तोंडाशी आलं आणि थांबलं. १,९०० लिटर. काकांनी लिहिलेली बाटली ती हीच. उरलेलं पाणी फ्लशच्या टाकीत सोडलं.

रात्री ८ वाजता पातळी काठोकाठ. सकाळी ६ला वॉचमनला घेऊन दोरी सोडली: ११ फूट खाली. नातवाने गणित करून दिलं, ७२ लिटर. दहा तासांत चार-पाच बादल्या. या बोअरच्या फिल्टरचे कोटेशनमध्ये १ लाख ६० हजार होते.

सभेत मी दोरी आणि वही दोन्ही नेली. जोरदार भांडण झालं, ते लिहीत नाही. ठरलं ते असं: कोरडी बोअर यादीतून बाद. ए आणि बी इमारतीचं पाणी फिल्टरमधून फ्लशच्या टाकीत, तिचं जास्तीचं ४१० फुटीकडे. सी इमारत लांब आहे, पाईपचा खर्च जमत नाही, तिला या वर्षी हात लावायचा नाही. सीवाले म्हणाले मग आम्ही वर्गणी का द्यायची. हा प्रश्न अजून लोंबकळतोय. तिघा प्लंबरांकडून वेगळे दर मागवलेत.

नियमावर_बोट, गच्ची झाडायला नाव मिळालं. माझंच. मे अखेर एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, वॉचमनच्या मुलाला पैसे देऊन, मी स्वतः उभी राहून. परवा पहिल्यांदा वर गेले. दोन तुटक्या खाटा, कोणाचं तरी कुत्र्याचं घर, एक डिश अँटेना आणि कबुतरांची वस्ती. हे सगळं धुतलेलं पाणी बोअरमध्ये जाणार होतं.

काका, आता तुम्हाला एक प्रश्न. दोन गच्च्यांचं पाणी एकदम आलं तर फिल्टरला झेपेल का?

ओढ्याकाठचा

वही आणि दोरी घेऊन सभेत गेलात हे वाचून बरं वाटलं.

झेपणार नाही, आणि झेपायची गरजही नाही. तासात ५० मिलिमीटरचा ढग फुटला तर दोन गच्च्यांवरून तासाला ३० हजार लिटर येईल. तेवढ्यासाठी फिल्टर मोठा करायचा म्हणजे लग्नाच्या पंगतीएवढा कुकर रोजच्या वरणाला घेण्यासारखं. फिल्टरच्या आधी पाईपला तिठा (तीन तोंडांचा जोड) काढा, जास्तीचं सरळ बाहेर जाऊ दे. प्रत्येक उभ्या पाईपला खाली एक बंद तोंडाचा तुकडा आणि व्हॉल्व्ह ठेवा, पहिला पाऊस त्यातून सोडून द्यायचा. तो व्हॉल्व्ह वॉचमनच्या केबिनमधून दिसेल अशा जागी घ्या. आमचा इमारतीच्या मागे होता, दोन पावसाळे उघडाच राहिला आणि कोणाला पत्ता नाही.

टाकीवर लाल रंगाने "पिण्यासाठी नाही" लिहा. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची, साथ आली आणि संशय दूषित पाण्यावर गेला, तेव्हापासून आमच्याकडे फ्लशची आणि पिण्याची लाईन कुठे एकमेकींजवळून जाते ते दर वर्षी तपासतो.

अण्णांच्या विहिरीचं काय झालं?

खजिनदारीणबाई

ते राहिलंच की. ज्यांची ही जमीन होती त्यांचे वडील मागच्या गल्लीत बंगल्यात राहतात, नव्वदीचे आहेत. त्यांच्याकडे जाऊन आले. विहीर होती म्हणाले, चिरेबंदी, दोन मोटांची, ७२च्या दुष्काळातही तळाला पाणी होतं. बांधकामाच्या वेळी ती दगडमाती टाकून बुजवली. मी विचारलं, नेमकी कुठे? काठी टेकत ते माझ्याबरोबर सोसायटीत आले, आंब्याच्या झाडापासून पावलं मोजली (झाड अजून आहे, एवढं एकच तेव्हाचं) आणि चार नंबरच्या पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले.

चार नंबर चेअरमनचं आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.